चाळीस वर्षांची स्टॉपर

मोहर्ली,
गुरुवार

प्रिय करिश्मा,

तुला दोनदा फोन लावला. पहिल्यांदा तू प्रॅक्टिसला होतीस. दुसऱ्यांदा "हो आई, बरं आई, ठेवते आई" एवढ्यावर आटपलंस. तेव्हाच ठरवलं, की हे पत्रानंच सांगायचं. पत्र वाचताना रेंज गेली असं म्हणता येत नाही. खुशालभाऊ उद्या सकाळी पाहुण्यांना चंद्रपूर स्टेशनवर सोडायला गाडी घेऊन जाणार आहेत, ते तुझ्या होस्टेलवर देतील. पाकिटाला डिंक चोपडून लावला आहे. खुशालभाऊ माणूस चांगला, पण उघडं पाकीट दिसलं की त्यांचा जीव राहत नाही.

तू मला चिडवतेस, की पुण्या-मुंबईच्या पर्यटकांना वाघ दाखवता दाखवता आईची भाषा पुस्तकी झाली. झाली तर झाली. पत्र त्याच भाषेत लिहिते, म्हणजे तोंडावर ताबा राहील. पण आधीच सांगून ठेवते, मधे कुठी मले राग आला त आपली भाषा येईन, तेव्हा समजून घेजो.

आधी घरचं. तुझे बाबा बरे आहेत. सीझन सुरू झाल्यापासून रिसॉर्टच्या किचनमध्ये त्यांना मान वर करायला फुरसत नाही. दिवसभर पर्यटकांसाठी पोळ्या लाटतात आणि घरी आले की म्हणतात, मला पोळी दाखवू नका, भात वाढा. घरामागची धानाची बांधी कापून झाली. शेताच्या कडेला धुऱ्याजवळचं तुझं बांबूचं गोलपोस्ट अजून उभं आहे, एक खांब कलला आहे आणि त्याच्यावर दोडक्याचा वेल चढला आहे. सकाळची सफारी संपली की दुपारच्या सफारीपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात मी तिथं बॉल मारते. धानाच्या खुंटांवर आपटून बॉल कुठं उडेल सांगता येत नाही. ज्या पोरी नुसत्या गवतावर खेळून मोठ्या झाल्या, त्यांना हे शिकायला मिळत नाही. असो.

आता मुद्द्याचं. तुमच्या झरपट फुटबॉल क्लबनं मला टीममध्ये घ्यायचं की नाही यावर कमिटीच्या दोन बैठका झाल्या म्हणे. एका बाईसाठी दोन बैठका, म्हणजे मानच म्हणायचा. शेवटी सप्टेंबरमध्ये तुमचे सेक्रेटरी वामनराव यांचा फोन आला. आवाज एकदम मऊ, दवाखान्यात भेटायला आल्यासारखा. म्हणाले, "मनकर्णाबाई, तुमचा खेळ उत्तमच आहे. पण क्लबले भविष्य पाहा लागते." मी म्हटलं, भविष्य जरूर पाहा, पण ऑगस्टमध्ये तुमच्या खुशबूचा गुडघा गेला तेव्हापासून तुमच्याकडे स्टॉपर नाही, तेव्हा आधी लीगच्या पहिल्या रविवारचं काय ते पाहा. ते हसले. मी हसले नाही.

चाळीस पूर्ण झाली मला जूनमध्ये. लपवत नाही. डावा गुडघा जिना उतरताना कटकट वाजतो. बारीक अक्षर वाचायला चष्मा लागतो, हे पत्रही चष्मा लावूनच लिहिते आहे. पंधरा वर्षं जिप्सीच्या मागच्या सीटवर आपटून कंबर कशी होते ते मलाच माहीत. ट्रायलच्या दिवशी त्यांनी मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या, त्यात मी सगळ्यांच्या शेवटी आले. एक पोरगी मला दोनदा ओलांडून गेली आणि दोन्ही वेळेला "सॉरी काकू" म्हणाली. मी म्हटलं, जा बाई जा, तुझा काका तिकडे वाट पाहत असेल. सगळ्या हसल्या, तू खाली मान घालून बुटाची लेस बांधत राहिलीस.

पण मग मॅच झाली, तेव्हाचं आठव. चाळीस मिनिटांत माझ्या मागे बॉल किती वेळा गेला? एकदा. तोही तुझ्याच पायातून, उजवीकडे दाखवून डावीकडून काढलास तो. ते तुला मीच बांधीत शिकवलं होतं, म्हणून त्याची माझी तक्रार नाही, उलट पोट भरलं. बाकी एकीलाही मी जाऊ दिलं नाही आणि त्यासाठी मला धावावंही लागलं नाही. लोकांना वाटतं, स्टॉपर म्हणजे मागून धावत जाऊन बॉल काढणारी. अगं, धावावं त्या स्टॉपरला लागतं जी आधी चुकीच्या जागी उभी होती. आमच्यातले नवीन गाइड असेच असतात. कुठं मोर ओरडला की ड्रायव्हरला पळव, कुठं धूळ दिसली की तिकडे पळव. दिवसभर पेट्रोल जाळून शेवटी वाघाची शेपूट दाखवतात. मी गाडी एका वळणावर बंद करून बसते. पाहुणे चुळबुळ करतात, एखादा पैसे वाया गेल्यासारखं तोंड करतो. मी म्हणते, बसा, त्याला पाण्यावर जायचं आहे आणि रस्ता हाच आहे. आणि तो येतो. फॉरवर्डचंही तसंच. तिला गोलकडेच जायचं आहे, मग मी तिच्यामागे कशाला पळू?

बरं, माझा खेळ कालचा नाही. तू चार महिन्यांची होतीस तेव्हा मी वरोऱ्याला मॅच खेळले. तुझे बाबा टचलाइनवर तुला मांडीवर घेऊन बसले होते. हाफ टाइमला तुला पाजलं आणि परत उतरले. बायकांनी नाकं मुरडली, पुरुषांनी बाबांना विचारलं की घरी लुगडं कोण नेसतं. बाबा म्हणाले, मॅच संपली की सांगतो. आपण दोन-शून्यनं जिंकलो आणि त्यांना सांगायची गरज पडली नाही. तेव्हापासून एकही वर्ष मी बसले नाही. मला आता बसा म्हणणारे वामनराव हे पहिले नाहीत, आणि शेवटचे तर नाहीतच.

आता जानेवारीचं बोलू. तू ते कधीच बोलत नाहीस, म्हणून मीच बोलते. आपल्या गावच्या मैदानात फायनल होती, आपली मोहर्ली विरुद्ध तुमचं झरपट. तेव्हा तू आपल्याकडून खेळत होतीस, झरपटला जायला अजून सहा महिने होते. एक-एक बरोबरी, बारा मिनिटं उरलेली. बॉल माझ्या पायात होता. आणि उजव्या कोपऱ्यामागच्या सागवानातून वानराचा कॉल आला. आधी एकदा, मग लगेच दुसऱ्यांदा. वाघ किंवा बिबट दिसल्याशिवाय झाडावरचं वानर तसं खोकल्यासारखं ओरडत नाही, हे मी पाहुण्यांना रोज सांगते. माझा हात वर गेला. पंजा उघडा, कोपर ताठ. आणि आपल्या बाकीच्या दहाच्या दहा पोरी जिथल्या तिथं थांबल्या.

का थांबल्या ते झरपटवाल्यांना कुठून कळणार? आपल्याकडे लेकरू रानात यायला लागलं की आधी हे शिकतं. तू चार वर्षांची असताना मी तुला शिकवलं होतं. एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जायचो, तू तुझी छोटी टोपली घेऊन मागे. मी सांगितलं होतं, आईचा हात वर दिसला की थांबायचं, बोलायचं नाही, विचारायचं नाही, पळायचं तर मुळीच नाही. एकदा हात वर केला तेव्हा तू मूठभर फुलं घेऊन अशी उभी राहिलीस की नाकावर माशी बसली तरी हलली नाहीस. पन्नास पावलांवरून अस्वल दोन पिल्लं घेऊन गेलं. ते गेल्यावर तू मला हळूच विचारलंस, आता श्वास घेऊ का?

त्या दिवशी मैदानात तू मधल्या वर्तुळात तशीच थांबलीस. बघायला आलेलं अख्खं गाव गप्प झालं. मी फक्त कोपऱ्याकडे पाहत होते, कारण तिथं झेंड्याजवळ, झाडीला पाठ करून, शाळेतली लेकरं बसली होती. आणि झरपटच्या फॉरवर्डनं येऊन माझ्या पायातला बॉल घेतला, चालत चालत गेली आणि थांबलेल्या गोलकीच्या बाजूनं गोलात टाकला. रेफरीनं गोल दिला. त्याची चूक नाही, वानर ओरडलं तर काय करायचं ते नियमाच्या पुस्तकात नाही. नंतर वनरक्षक काठ्या घेऊन सगळी झाडी फिरून आले. काही नाही. पाऊलखूण नाही, विष्ठा नाही. म्हणाले, गावातलं कुत्रं असेल, वानरं कुत्र्यालाही भितात. आपण दोन-एकनं हरलो.

मी खोटं सांगून सुटू शकले असते. बिबट पाहिला म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? पण मला काहीच दिसलं नव्हतं आणि मी तसंच सांगितलं. मग कुणाच्या तरी मोबाइलमधला तो व्हिडिओ फिरला. अकरा पोरी पुतळ्यासारख्या उभ्या आणि एक पोरगी रमतगमत गोल करते आहे. नव्या कॉलेजात पहिल्या आठवड्यात तुला "ए पुतळा" म्हणून हाक मारायचे, हे तू मला सांगितलं नाहीस. खुशबूनं सांगितलं. वाईट वाटलं मला तुझ्यासाठी. लाज मात्र वाटली नाही, तेव्हाही नाही आणि आजही नाही.

इथपर्यंत मी कमिटी कमिटी करत आले. आता पुरे झालं.

ट्रायलच्या दिवशी मी साडेचारच्या एसटीनं जाते म्हटलं आणि निघाले. पण पाय चिखलानं भरले होते म्हणून क्लबच्या खोलीमागे पाण्याच्या टाकीवर धुवायला थांबले. खिडकी उघडी होती. वामनराव तुला विचारत होते, तू कॅप्टन आहेस, सांग, घ्यायचं का तुझ्या आईला? मला वाटलं तू थोडा वेळ घेशील. तू घेतला नाहीस. तू म्हणालीस, "आईले नका घेऊ. पाय चांगले आहेत तिचे, पण कान जंगलात असते."

मी नळ बंद केला. एका पायाचा चिखल तसाच राहिला. त्या दिवशीची एसटी चुकली, पुढची मिळाली. आठ दिवसांनी तूच फोन करून म्हणालीस, "आई, कमिटीचं काही सांगता येत नाई." आणि मी म्हटलं, बरं बेटा.

राग आला का? मले असा राग आला का विचारू नको. वाटलं, तशीच ओल्या पायानं आत जावं अन् तुले सगळ्याइसमोर विचारावं, काऊन वं, माहे कान जंगलात असते, त तू का नागपूरच्या मॉलमंधी वाढली का? कोनाच्या हातावर थांबून तू एवढी मोठी झाली? माह्या कानानंच तुले जगवली ना वं? त्या खिडकीशी उभी राहून मी मनातल्या मनात तुले इतकं बोलली का एका जन्माचं झालं.

पाणी पिऊन आले. आता परत पाहुण्यांच्या भाषेत लिहिते.

राग उतरल्यावर मला एक पटलं, ते कबूल करते. तुला कॅप्टन म्हणून विचारलं आणि तू कॅप्टन म्हणून उत्तर दिलंस. आई आहे म्हणून हो म्हटलं असतंस तर मी ती जर्सी घातलीच नसती. तू चुकलीस, पण कॅप्टन म्हणून चुकलीस, लेक म्हणून नाही. कुठं चुकलीस तेही सांगते. मैदानात एकवीस जणी बॉल पाहत असतात. सगळ्यांची पाठ जिकडे आहे तिकडे पाहायचं काम एकीचं असतं. तिचे कान बॉलवर असतील तर तिला घेऊन उपयोग काय?

आता जे लिहिते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या बाबांनाही अर्धंच माहीत आहे. रंजीतामावशी तुला आठवते ना? तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा गेली. आमच्या टीमची लेफ्ट बॅक. दहा वर्षं ती माझ्या डाव्या हाताला खेळली, मी न पाहता तिकडे पास द्यायची आणि ती तिथं असायची. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गेलो होतो, चौघी. ती खाली वाकून पानं खुडत होती आणि मी तिला रागावत होते, की मागच्या मॅचला तू सारखी पुढे पळालीस आणि मागे भगदाड ठेवलंस. तेवढ्यात वानर खोकलं. एकदाच. मी ऐकलं, करिश्मा. मला नीट ऐकू आलं. मनात म्हटलं, एवढं वाक्य पूर्ण करते आणि मग बघते.

वाक्य पूर्ण झालं नाही.

सगळ्यांना सांगितलं की कॉल आलाच नाही, वाघ एकदम आला. पंचनाम्यातही तसंच लिहिलं आहे. अकरा वर्षं झाली. त्या दिवसापासून माझा हात मला विचारून वर जात नाही. फायनल असो, लग्न असो, बुद्धविहारात वंदना सुरू असो, कॉल आला की तो जातो. जानेवारीत कुत्रं होतं असं म्हणतात. असेल. शंभर वेळा कुत्रं असेल आणि शंभर वेळा मी हात वर करीन आणि शंभर वेळा दोन-एकनं हरेन. कोपऱ्यातली ती लेकरं त्या दिवशी आपापल्या घरी जाऊन जेवली, माझा स्कोअर तेवढाच. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. तू पुतळा म्हणवून घेत होतीस तेव्हा तरी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण माझ्या लेकीनं माझ्याकडे कसं पाहावं याची मला भीती वाटली. वाघाची नाही वाटत मला, याची वाटली.

आता पुढचं ऐक. ऑक्टोबरमध्ये पोंभुर्ण्याहून एक बस आली, हायस्कूलच्या हर्षा मॅडम आणि त्या चालवतात त्या फुटबॉल क्लबच्या पोरी, सहलीला. त्यांच्यासोबत गाइड म्हणून माझा नंबर लागला. सफारीभर मॅडम वाघ सोडून माझ्याकडेच पाहत होत्या. गेटवर उतरताना विचारलं, त्या व्हिडिओतल्या बाई तुम्हीच ना? मी कंबरेवर हात ठेवून तयारच होते, तोंडावर चार शब्द फेकायला. तर त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या एका हातावर दहा पोरी थांबल्या. माह्या पोरी त रेफरीची शिटी वाजली तरी थांबत नाई. येता का आमच्याकडे?"

बघ करिश्मा. तोच व्हिडिओ. वामनरावांनी पाहिला, तुझ्या कॉलेजनं पाहिला, तू पाहिलास. सगळ्यांना त्यात उभ्या राहिलेल्या पोरी दिसल्या. त्यांना थांबवणारा हात पाहणारी पोंभुर्ण्याची एकच निघाली. मी तिथंच, खुशालभाऊंच्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, फॉर्मवर सही केली. वय विचारलेल्या रकान्यात चाळीस लिहिलं, आणि अंक मोठा काढला.

महिना झाला, आठवड्यातून दोनदा जाते. मोहर्लीहून चंद्रपूर, चंद्रपूरहून पोंभुर्णा. एसटी तुझ्या होस्टेलसमोरून जाते. मी खिडकीशी बसते, गॅलरीत तुझी निळी ओढणी वाळत असली तर दिसते, आणि मी उतरत नाही. पोरी गुणी आहेत. कुणी धान कापून आलेली, कुणी डिंक गोळा करून. गोलकी सुकरी तर अठरा वर्षांची आहे आणि हात असे, की बॉल तिच्याकडे गेला की परत मागावा लागतो. पहिल्या दिवशी मला पाहून त्याही एकमेकींना कोपरं मारत होत्या. आता मी "मागं" म्हटलं की मागे येतात आणि "चला" म्हटलं की पुढे जातात. मागच्या चौघींची एक ओळ झाली आहे, बांधीच्या धुऱ्यासारखी सरळ. ती ओळ तुला ओलांडावी लागणार आहे.

हो, तुलाच. रविवारी लीगची पहिली मॅच तुमची पोंभुर्ण्याशी, त्यांच्याच मैदानावर. शनिवारी यादी लागेल आणि त्यात चार नंबरला माझं नाव असेल. वामनराव ते तुला डोळे मिचकावत वाचून दाखवतील, त्याआधी ते तुला माझ्या हातचं कळावं, हे या पत्राचं अर्धं कारण. बाबा येणार आहेत. कुणाकडून बसणार विचारलं तर म्हणाले, मी मधल्या रेषेवर बसतो आणि डबा दोघींना अर्धा अर्धा देतो. माझ्यावर दया करू नकोस. ते उजवीकडे दाखवून डावीकडून काढायचं करून बघ, या वेळेला मी डावीकडेच उभी असेन. खांदा लावायचा तर लाव, मीही लावणार आहे. पडलीस तर उचलायला येणार नाही, मॅच संपल्यावर येईन.

उरलेलं अर्धं कारण हे. ते मैदान तू पाहिलेलं नाहीस. तीन बाजूंना धानाच्या बांध्या आहेत आणि चौथ्या बाजूला, गोलच्या मागे, लगेच सागवान. परवा प्रॅक्टिस संपल्यावर सुकरीनं मला विचारलं, बाई, तुमची पोरगी तुमच्या हातावर थांबते ना, मंग गोल होऊन राह्यला असन त एकदा हात वर करून द्या ना. मस्करीत म्हणाली बिचारी. मी तिला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या आणि स्वतःही तिच्यासोबत मारल्या, गुडघा वाजत होता तरी. ऑफसाइड मागायला सगळ्या स्टॉपर हात वर करतात. मी कधीच करत नाही, तोंडानं ओरडते, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. का, ते आता तुला कळलं. तेव्हा रविवारी माझं काहीही ऐकू नकोस. ओरडले तर ऐकू नकोस, रागावले तर ऐकू नकोस, तुझ्या नावानं हाक मारली तरी बॉल घेऊन पुढे ये. पण हात वर दिसला तर थांब. गोल समोर रिकामा असला, एकच पाऊल राहिलं असलं, सगळं चंद्रपूर तुला पुन्हा पुतळा म्हणालं, तरी थांब. तो हात पोंभुर्ण्याच्या स्टॉपरचा नसेल.

नव्वद मिनिटं सोडून बाकी सगळा वेळ तुझीच,
आई